राजाचा साथीदार

(दृश्य: मेन्झेलचं चित्र. पेटलेलं झुंबर, बासरी वाजवणारा राजा, भोवती दरबारी.)

हे चित्र बर्लिनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. मधोमध आडवी बासरी घेऊन उभा आहे तो प्रशियाचा राजा, दुसरा फ्रेडरिक. जागा पॉट्सडॅमचा सान्सुसी महाल. आडोल्फ मेन्झेलने ही मैफल रंगवली १८५२च्या सुमारास, म्हणजे ती होऊन गेल्यावर शंभरएक वर्षांनी. त्यामुळे झुंबराचा उजेड त्याच्या मनातला आहे, माणसं मात्र खरी.

राजाला बघून झालं की की-बोर्डपाशी बसलेल्या गृहस्थाकडे पाहा. राजाला साथ करतोय तो कार्ल फिलिप इमानुएल बाख.

बाख म्हटलं की आपल्यासमोर येतात थोर जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन. हा त्यांचा मुलगा. पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत कुणी नुसतं 'बाख' म्हणालं, तर बहुतेक वेळा बोलणं इमानुएलबद्दल चाललेलं असे. वडिलांचं नाव तेव्हा जाणकारांपुरतं उरलं होतं.

(दृश्य: वायमार, मग लाइपझिगचं टॉमास चर्च.)

जन्म ८ मार्च १७१४, वायमारचा. सहाव्या वर्षी आई गेली. संगीत शिकला ते घरातच. वडिलांखेरीज आपल्याला दुसरा गुरू नव्हता, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. लाइपझिगला आणि फ्रांकफुर्ट आन डेर ओडरला त्याने कायद्याचा अभ्यास केला, पण वकिली काही केली नाही. १७३८मध्ये युवराज फ्रेडरिकचं बोलावणं आलं. दोन वर्षांनी युवराज गादीवर बसला. राजा झाल्यावर फ्रेडरिकने शार्लोटेनबुर्गला पहिल्यांदा बासरी वाजवली, तेव्हा हार्प्सिकॉर्डवर, म्हणजे तारा छेडणाऱ्या की-बोर्डवर, एकटा आपण होतो, हे बाख म्हातारपणीही अभिमानाने सांगत असे.

पुढची जवळपास तीस वर्षं हेच काम. संध्याकाळ झाली की मैफल, राजाची बासरी आणि बाखची साथ. राजाला बासरी शिकवणाऱ्या क्वांट्झचा पगार होता वर्षाला २००० थालर (तिथली चांदीची नाणी). बाखला सुरुवातीला मिळत ३००. राजाने चांगलं वाजवलं की 'ब्राव्हो' म्हणायची मुभाही क्वांट्झलाच! आणि मैफलीत वाजायचं काय, तर बहुतेक क्वांट्झच्या नाहीतर राजाच्या रचना. फ्रेडरिकने स्वतःच बासरीसाठी शंभरावर सोनाटा, म्हणजे दोन-तीन भागांच्या वाद्यरचना, लिहिल्या होत्या. राजा वाईट वाजवत नव्हता हो, पण त्याची आवड तरुणपणी जिथे थांबली तिथेच राहिली.

(ध्वनी: क्लाविकॉर्ड, अगदी हळू.)

बाखचा जीव मात्र या वाद्यात होता. क्लाविकॉर्ड हे की-बोर्डचंच छोटं वाद्य, आवाज इतका लहान की शेजारच्या खोलीत पोचायची मारामार. पण इथे पट्टी दाबून ठेवली की बोट पट्टीमार्फत तारेच्या संपर्कात राहतं, त्यामुळे लागलेला स्वर हलवता येतो, थरथरवता येतो. हार्प्सिकॉर्डवर ते जमत नाही. बाखची सगळी शैली या थरथरीतून उगवलेली वाटते: ओळ चांगली चाललेली असताना अचानक थांबणं, हळू स्वरावर एकदम जोराचा स्वर, हसता हसता डोळ्यांत पाणी. जर्मन भाषेत या शैलीला 'एम्पफिन्डसाम' म्हणतात, म्हणजे भावनेने चटकन भरून येणारी. १७५३मध्ये आलेल्या त्याच्या वादनग्रंथात तो बजावतो, की वाजवणारा स्वतः हलला नाही तर ऐकणारा हलणार नाही. हायडनसारख्या मोठ्या संगीतकारांनी या बाखचा कसून अभ्यास केला.

आता १७४७. त्या वर्षी मे महिन्यात वडील पॉट्सडॅमला राजाच्या भेटीला आले आणि राजाने दिलेल्या सुरावटीवर त्यांनी तिथल्या तिथे फ्यूग, म्हणजे एकच सुरावट एकामागून एक ओळींत गुंफणारी रचना, वाजवून दाखवला. ती गोष्ट जगभर सांगितली जाते. त्याच वर्षी मुलाने बासरीसाठी ए मायनरमध्ये एक सोनाटा लिहिली, आणि तिच्यातून साथ काढून टाकली. हार्प्सिकॉर्ड नाही, चेलो नाही, फक्त बासरी.

(ध्वनी: सोनाटाचा पहिला भाग, पोको अडाजिओ.)

ऐका. बासरी वरच्या सप्तकात गाते, मध्येच खाली उडी मारून एखादा खोल स्वर ठेवते आणि पुन्हा वर जाते. तो खालचा स्वर म्हणजे गैरहजर साथीदार. एकच वाद्य चाल आणि तिचा आधार दोन्ही सांभाळतंय. आणि ते विराम! श्वास घ्यायला केलेले नव्हेत. बोलता बोलता माणूस अडखळावा तसे. पुढचे दोन्ही भाग जलद आहेत. आधी संथ, मग जलद, मग आणखी जलद, ही बर्लिनची रीत.

त्या काळची बासरी लाकडी, सहा भोकांची, एका किल्लीची. डी मेजरमध्ये ती खुलते. ए मायनरला लागणारे काही स्वर तिच्यावर आडव्या बोटांनी, म्हणजे मधलं भोक उघडं ठेवून खालची झाकून, काढावे लागतात आणि ते झाकोळलेले येतात. आजच्या धातूच्या बासरीवर सगळे स्वर सारख्या उजेडात दिसतात. म्हणून माझं मत विचाराल तर ही रचना लाकडी बासरीवरच ऐकावी.

ती लिहिली कुणासाठी? १७८३मध्ये ड्युलोन नावाचा जेमतेम चौदा वर्षांचा अंध बासरीवादक बाखकडे आला आणि त्याने नेमकी हीच सोनाटा वाजवली. ऐकून बाख म्हणाला, गंमतच आहे, ज्याच्यासाठी लिहिली त्याला ती वाजवता आली नाही आणि ज्याच्यासाठी लिहिली नाही तो वाजवतोय. ड्युलोनने हे आपल्या आत्मचरित्रात सांगितलंय. 'ज्याच्यासाठी' म्हणजे कोण, हे बाख बोलला नाही. बहुतेक जण राजाकडे बोट दाखवतात, आणि मलाही ते पटतं.

(दृश्य: हाम्बुर्ग बंदर, सेंट मिखाएलिस चर्च.)

तोवर बाखने दरबार सोडून बरीच वर्षं झाली होती. हाम्बुर्गचे संगीतप्रमुख टेलेमान १७६७मध्ये वारले, ते त्याचे धर्मपिता. पुढच्या वर्षी त्यांची जागा बाखने घेतली. शहरातल्या पाच मोठ्या चर्चचं संगीत आता त्याच्याकडे होतं. कामाचा डोंगर, पण मालक राजा नव्हे, व्यापारी शहर.

इथे १७८६मध्ये तो बासरीच्या सोनाटाकडे वळला. ही जी मेजरमधली, दोनच भागांची. वादक तिला 'हाम्बुर्गर सोनाटा' म्हणतात. दुसरा भाग, प्रेस्टो रोंडो (अतिजलद, मुख्य चाल पुन्हा पुन्हा परतणारा), थट्टेखोर आहे. बासरी धावते, मध्येच दचकल्यासारखी थबकते, पुन्हा सुटते. बाख तेव्हा बहात्तर वर्षांचा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सान्सुसीत फ्रेडरिक वारला.

(ध्वनी: की-बोर्ड, बासरी आणि व्हिओला.)

दोन वर्षांनी बाखने बासरी, व्हिओला (व्हायोलिनहून थोडं मोठं वाद्य) आणि की-बोर्ड यांच्यासाठी तीन रचना केल्या. जुन्या सोनाटांत साथीदाराला खालची ओळ आणि वर कोणते स्वर जोडायचे ते सुचवणारे आकडे एवढंच मिळे, बाकीचं त्याने जागच्या जागी भरायचं. या तिन्हींत की-बोर्डचा स्वर न् स्वर लिहिलेला आहे, आणि बासरीच्या बरोबरीने, कधी तिच्याही पुढे, तोच बोलतो. १४ डिसेंबर १७८८ला बाख वारला, त्याच वर्षातल्या या रचना.