डेक रंगवण्याआधी तो वाजवून बघा

श्रोतेहो, नमस्कार. फायबरच्या जुन्या शिडाच्या बोटीचा डेक स्वतः रंगवायला घेतलात, तर रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडायचा. आधी प्लॅस्टिकची हातोडी घ्या आणि अख्खा डेक चार-चार बोटांवर वाजवत चला. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर तिथे खडूने खूण करा. या खुणा बहुतेक कठड्याच्या खांबांभोवती, विंचपाशी (दोर ओढायचं चक्र), क्लीटपाशी (दोर बांधायचा खुंटा) जमतात. जिथे भोक पाडलंय, तिथे.

का, ते कळण्यासाठी एका बोल्टची गोष्ट ऐका. बोल्ट कठड्याच्या खांबाच्या पायातला, ६ मिलिमीटरचा. डेक वरून एकसंध दिसतो, पण वर फायबरचा एक थर, खाली दुसरा आणि मध्ये बाल्सा (एक हलकं लाकूड) किंवा प्लायवूड असतं. बोल्ट या तिघांतून आरपार जातो. आता बोटीवर चढणारा प्रत्येक माणूस त्याच खांबाला धरून स्वतःला वर ओढतो. (ही सवय खरोखर सोडायला हवी. शिडी लावा, वेळ घ्या.) खांब तरफेसारखा पायावर जोर देतो आणि बोल्टभोवतीचं सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लवचिक लेप, केसाएवढं सुटतं. तेवढी फट पावसाला पुरते. पाणी केबिनमध्ये टपकत नाही, कारण खालचा फायबरचा थर ते अडवतो. म्हणून कुणाला पत्ताच लागत नाही. ते आडवं पसरतं, प्लायवूडमध्ये पातळ थरांमधून, बाल्सात ठोकळ्यांमधल्या फटींतून. काही वर्षांत मधल्या लाकडाचा काळा लगदा होतो. पाय पडला की डेक दबतो, रंगाला तडे जातात. ऊन तापलं की आतली ओल बारीक छिद्रांतून वर रेटते आणि नव्याकोऱ्या रंगाला फोड येतात. दोष मात्र रंगाला दिला जातो.

या बोल्टचा इलाज असा. खांब काढा. वरच्या थरातलं आणि मधल्या लाकडातलं भोक १२ मिलिमीटरपर्यंत मोठं करा, खालच्या थराला हात लावू नका. ड्रिलमध्ये वाकवलेला खिळा बसवून भोकाभोवतीचा लगदा खरवडून काढा आणि आतलं पूर्ण वाळू द्या. खालून टेप लावा. आधी पातळ इपॉक्सी (दोन द्रव मिसळून कडक होणारं राळ) ओता, लाकडाला पिऊ द्या. मग सिलिकाची बारीक पूड घालून घट्ट केलेलं इपॉक्सी भरा. ते कडक झालं की मधोमध पुन्हा ६ मिलिमीटरचं भोक पाडा. आता बोल्टभोवती भरीव इपॉक्सी आहे. पुढे कधी सीलंट सुटलं, तरी पाणी लाकडापर्यंत पोचणार नाही. भद्द आवाज हातभर पसरलेला असेल तर एवढ्यावर भागत नाही. वरचा थर कापून आतलं लाकूडच बदलावं लागतं.

आता रंगाकडे. पुन्हा सांगतो, क्रम महत्त्वाचा: आधी धुवा, मग मेण आणि तेलकटपणा सॉल्व्हंटने पुसा, आणि त्यानंतरच घासा. उलट केलंत तर जुनं मेण आणि सिलिकॉन ओरखड्यांत घोटलं जातं आणि रंग तिथे गोल-गोल फाटतो. सिलिकॉन सीलंट डेकवर वापरूच नये, असं माझं ठाम मत आहे. ताज्या इपॉक्सीवरचा मेणचट थर मात्र साध्या पाण्याने आणि खरखरीत पॅडने निघतो, तो घासण्याआधीच काढा.

जुन्या रंगावर थिनरचं फडकं काही मिनिटं ठेवून बघा. रंग मऊ पडला किंवा सुरकुतला, तर त्यावर दोन भागांचा, म्हणजे लावण्याआधी दोन डबे एकत्र मिसळायचा, पॉलियुरेथेन रंग चालणार नाही. जुना रंग खरवडा, नाहीतर एका भागाचा, एकाच डब्यातला रंग वापरा. दोन भागांच्या रंगात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. तो घरच्या घरी फवारू नका, रोलर आणि ब्रशनेच लावा. तेव्हाही हातमोजे आणि डब्यावर सांगितलेला मास्क हवाच. प्रायमरआधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटच्या हातांआधी २२० ते ३२०. दव वाळल्यावर सुरू करा आणि दुपारीच थांबा. संध्याकाळचं दव ओल्या रंगावर बसलं की चकाकी जाते.

रंग फिकट घ्या. गडद डेक तापून पाय भाजतात. पण पांढराशुभ्रही नको, उन्हात डोळे दिपतात.

पाय न घसरावा म्हणून टाकायचे कण रंगात कालवू नका, ते तळाशी बसतात आणि डेकवर पट्टे दिसतात. ओल्या रंगावर चाळणीने भरपूर पेरा, वाळल्यावर सुटे कण झाडून काढा, वरून दोन हात द्या. प्रत्येक फिटिंगभोवती दोन-तीन सेंटीमीटर गुळगुळीत जागा सोडा, म्हणजे सीलंट नीट बसेल. आणि मास्किंग टेप शेवटच्या हाताचा रंग ओला असतानाच, मागे दुमडून, सावकाश ओढा. रंग कडक झाल्यावर ओढलीत तर कडा तिच्याबरोबर उचकटून येतात.