राकिम: आवाज न चढवता रॅप बदलणारा माणूस

नमस्कार मंडळी! आज राकिम, अमेरिकन रॅपर. बरेच महिने कमेंटमध्ये एकच मागणी चाललीय, 'दादा, राकिमवर करा ना'. आणि त्याच्या बरोब्बर खाली कुणीतरी विचारतंय, 'हा कोण? एमिनेमसारखं फास्ट मारतो का?'

नाही. फास्ट मारत नाही. आणि तरीही आज फास्ट मारणारी सगळी मंडळी याच्याच दुकानातून माल उचलून गेलेली आहेत, एमिनेम धरून. 2000 सालचं त्याचं 'द वे आय ॲम' ऐका, राकिमने स्वतःची ओळख करून दिली ती ओळ त्यात जवळपास जशीच्या तशी आहे. चोरी नाही हो ती, गुरूला हात जोडणं आहे.

चरित्राचा भाग पटापट उरकतो, तो कुठेही वाचायला मिळतो. खरं नाव विल्यम मायकेल ग्रिफिन ज्युनियर. जन्म 28 जानेवारी 1968. गाव वायंडँच, लाँग आयलंड, म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या बाहेरचा पट्टा. घरात गाणं. सख्खी आत्या-मावशी असं काही विचारू नका, इंग्रजीत सगळ्याच 'आंट', पण ती होती रूथ ब्राउन, पन्नासच्या दशकातली रिदम अँड ब्लूजची फार मोठी गायिका. पोरगा शाळेत सॅक्सोफोन वाजवायचा. फुटबॉल खेळायचा, अमेरिकन फुटबॉल, क्वार्टरबॅक. सोळाच्या आसपास तो 'फाइव्ह पर्सेंटर्स' या इस्लामकडे झुकलेल्या पंथात गेला आणि राकिम अल्लाह झाला. त्याआधी स्वतःला 'किड विझर्ड' म्हणवून घ्यायचा. बरं झालं बदललं.

यातलं सॅक्सोफोन तेवढं डोक्यात ठेवा.

आता 1986. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सचा एक डीजे, एरिक बी, रेडिओ स्टेशनसाठी काम करायचा आणि रॅपर शोधत होता. शोधायला निघाला होता दुसऱ्याच एकाला, फ्रेडी फॉक्स नावाच्या. तो घरी नव्हता. मग ओळखीतून गाडी राकिमच्या दारात. असं सांगतात बरं का, मी तिथे नव्हतो. एरिकने त्याला सांगितलं की फोंडा रे या गायिकेच्या एका डिस्को गाण्याची बेसलाइन, म्हणजे खालच्या जाड सुरांची चाल, घेऊन मी ट्रॅक करणार आहे. राकिम बिअर पीत बसला होता, त्याला एवढं हसू आलं की तोंडातली बिअर भिंतीवर उडाली. त्याच बेसलाइनवर त्यांचं पहिलं गाणं झालं, 'एरिक बी इज प्रेसिडेंट'. गातोय राकिम, आणि गाण्यात प्रेसिडेंट कोण, तर एरिक बी. असू दे.

रेकॉर्डिंग झालं क्वीन्सब्रिजमध्ये, मार्ली मार्ल या निर्मात्याच्या घरच्या स्टुडिओत. इथे जरा थांबू या, कारण माझा सगळा मुद्दा या खोलीत आहे.

त्या काळी रॅप म्हणजे ओरडणं. वाईट अर्थाने नाही म्हणत. रन-डीएमसी घ्या, एलएल कूल जे घ्या, छाती फुगवून, शेवटचा शब्द आपटून बोलायचे आणि ते झकासच होतं. पार्टीत, मैदानात, फुटक्या स्पीकरवर तेच चालतं. आणि या खोलीत हा अठरा वर्षांचा पोरगा सोफ्यावर रेलून, बिअर घेत, जणू शेजाऱ्याशी बोलतोय अशा आवाजात रॅप करतोय. मार्ली मार्ल आणि तिथेच बसलेला रॅपर एमसी शॅन एकमेकांकडे बघतायत. हे काय चाललंय? त्याला सांगितलं, अरे जरा जोर लाव. पोरगा ढिम्म. माझं असंच आहे म्हणाला. मार्ली मार्लने नंतर स्वतः कबूल केलंय की तेव्हा आम्हाला ते भिकार वाटलं होतं.

तर मंडळी, हे पहिल्यांदा सांगतोय, अजून दोनदा सांगणार आहे: वेग म्हणजे फ्लो, म्हणजे ठेक्यावर शब्द बसवण्याची ढब, नाही. शब्द किती लवकर आला हे नाही बघायचं, तो कुठे पडला हे बघायचं.

आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला एक पोरगा होता, कोल्हापूरचा, असला सुसाट सुटायचा की मिनिटभर श्वासच नाही. हॉल डोक्यावर घ्यायची पोरं. खाली उतरल्यावर मी विचारलं, काय म्हणालास रे मधे? तो म्हणाला, मलापण आता आठवत नाही. मला त्या पोराबद्दल आजही आदर आहे, पण तो व्यायाम होता.

बरं, दाखवतोच. हाताने ठेका धरा. (टाळी देत) एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. हे चार ठोके म्हणजे एक बार. राकिमच्या आधी बहुतेकांची रचना कशी, तर ओळ बारमध्ये संपायची, यमक शेवटच्या ठोक्यावर, गुमान. आपल्या भाषेत करून दाखवतो, हसू नका, ओळी माझ्याच आहेत:

'माझं नाव विकी, मी राहतो पुण्यात,
रोज सकाळी उठून बसतो उन्हात.'

पुण्यात, उन्हात. वाक्य संपलं, यमक संपलं, बार संपला, सगळं एकाच जागी. शंभर ओळी अशाच ऐका, तिसऱ्या ओळीला पुढचं यमक तुम्हीच सांगाल. आता हे ऐका, टाळी तीच, वेग तोच:

'रात्र सरते, वही भरते, पेन अजून
फिरतंय, डोक्यात काय उरतंय ते मोजून
लिहितो, घाई नाही...'

काय झालं? अजून, मोजून हे शेवटचं यमक आहेच. पण सरते-भरते ओळीच्या पोटात बसलंय. आणि वाक्य बघा, 'पेन अजून' म्हणून बार संपला, पण वाक्य कुठे संपलंय? 'फिरतंय' पुढच्या बारमध्ये आलं. मग त्या 'फिरतंय'ला उत्तर म्हणून 'उरतंय' मधेच कुठेतरी. कानाला कळतच नाही थांबायचं कुठे, म्हणून कान पुढे ओढला जातो. मी एक अक्षरही भरभर म्हटलं नाही, लक्षात आलं का? दुसऱ्यांदा सांगतोय. शब्द कुठे पडला.

अंतर्गत यमक राकिमने शोधलं असं म्हणू नका, कमेंटमध्ये जाणकार माझी सालटी काढतील. आधीही लोक करत होते, तुरळक. यानं त्यावर अख्खं घर बांधलं.

आणि हे अंगात आलं म्हणून नाही, कागदावर आखून. राकिमने मुलाखतींमधून त्याची पद्धत सांगितलीय. कागदावर 16 ठिपके काढायचा. चार बार, बारला चार ठोके, झाले सोळा. मग त्या ठिपक्यांच्या मधल्या जागेत किती अक्षरं बसतात ते बघायचं. एखादं अक्षरही आता घुसणार नाही इथपर्यंत न्यायचं, किंवा मुद्दाम जागा रिकामी सोडायची.

सोळा म्हटल्यावर तबला शिकलेल्यांनी कान टवकारले असणार. तीनताल, सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग. आमचे तबल्याचे सर म्हणायचे, तिहाई (एकच तुकडा तीनदा) वाजवणारा हात नको बघू, समेवर (पहिल्या मात्रेवर) येतो का ते बघ. हातांचा धुरळा उडवून सम चुकलेल्या पोराला ते पुन्हा पहिल्यापासून बसवायचे, तेही विलंबितात. राकिमचं तसंच आहे, मधे कुठेही भटकू दे, ठिपका त्याला माहितीय. (राकिमने तीनताल ऐकून हे केलं असं मी अजिबात म्हटलेलं नाही. उद्या व्हॉट्सॲपवर फिरवू नका.)

त्याला ते मिळालं सॅक्सोफोनमधून. जाझचा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन त्याचा देव. सॅक्स वाजवणारा वाक्य कुठे तोडतो? जिथे श्वास संपतो तिथे, किंवा जिथे त्याला तोडायचंय तिथे. ड्रमवाल्याने बार संपवला म्हणून तो थांबत नाही. राकिम तोंडाने तेच करत होता. म्हणजे तिसऱ्यांदा, आणि आता शपथ, शेवटचं: फास्ट बोलायला फुप्फुसं लागतात, हे करायला कान लागतो. ज्यांना अजूनही वाटतंय की 'पण दादा, एका सेकंदात दहा शब्द', त्यांनी कृपया क्रिकेटच्या लिलावात बोली पुकारणाऱ्याचा चॅनल सबस्क्राइब करावा.

हां, तर 7 जुलै 1987 ला पहिला अल्बम, 'पेड इन फुल'. राकिम एकोणीस वर्षांचा. कव्हर बघा, मागे नोटाच नोटा, गळ्यात साखळदंड आणि न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या डॅपर डॅन या शिंप्याने शिवलेली जॅकेटं. हा डॅपर डॅन गुची या महागड्या फॅशन ब्रँडच्या छापाचं कापड घेऊन गुचीने कधी न शिवलेले कपडे शिवायचा, त्याच्यावर वेगळा व्हिडिओ होईल. आणि एवढ्या श्रीमंती कव्हरच्या आतलं, अल्बमच्याच नावाचं गाणं कशावर? खिशात काही नाही, आता काय करू, वाकड्या वाटेने जाऊ की सरळ, या विचारावर. एकच कडवं. म्हणून झालं की राकिम गप्प, पुढे नुसती बीट. आजच्या रॅपरला सांगा बरं, एक कडवं म्हण आणि घरी जा.

तुम्ही राकिमला न ओळखता ऐकलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. 'पंप अप द व्हॉल्यूम' नावाचं ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलेलं डान्स गाणं, त्यातला तो 'पंप अप द व्हॉल्यूम' म्हणणारा आवाज राकिमचा. 'पेड इन फुल'मधल्याच 'आय नो यू गॉट सोल' या गाण्यातून उचललेला.

मग 1988 ला 'फॉलो द लीडर', 1990 ला 'लेट द रिदम हिट एम', त्याला 'द सोर्स' या हिप-हॉपच्या मासिकाने पाचपैकी पाच माइक दिले. याच अल्बमवर काम करणारा निर्माता पॉल सी 1989 मध्ये घरात मारला गेला, काम अर्धवट राहिलं आणि लार्ज प्रोफेसर नावाच्या पोरगेल्या निर्मात्याने ते तडीस नेलं. 1992 ला 'डोन्ट स्वेट द टेक्निक'. आणि मग फाटलं. दोघांनाही स्वतंत्र अल्बम करायचे होते, एकमेकांच्या कागदावर सह्या हव्या होत्या, विश्वास उरला नव्हता, प्रकरण वकिलांकडे. भाऊबंदकीत शेत पडीक राहतं तशी राकिमची ऐन उमेदीची वर्षं गेली. पुढचा अल्बम थेट 1997 ला, 'द एटीन्थ लेटर', तो बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीत, चौथ्या नंबरला उतरला. पाच वर्षं गायब असलेल्या माणसाचा!

आता ज्या गोष्टीसाठी तुम्ही थांबलायत, आणि नसाल तर थांबा. 2000 ला राकिम बडा निर्माता डॉ. ड्रेच्या आफ्टरमॅथ या रेकॉर्ड कंपनीत गेला. सगळं जग वाट बघतंय, राकिमचे शब्द, ड्रेची बीट. अल्बम आलाच नाही. 2003 ला तो तिथून बाहेर पडला, दोघांचं गणित जमलं नाही. पण त्या मुक्कामात एक गाणं झालं, 2002 चं 'ॲडिक्टिव्ह', गायिका ट्रूथ हर्ट्स, निर्माता डीजे क्विक, आणि मधे राकिमचं कडवं. आमच्याकडे म्युझिक चॅनलवर लागलं तेव्हा बाबा आतून पेपर घेऊन बाहेर आले. म्हणाले, 'अरे, ही तर दीदी!'

दीदीच. लता मंगेशकर, 'थोडा रेशम लगता है', 1981 चा 'ज्योती', संगीत बप्पी लाहिरी. सरळ उचलून लूप केलेलं, ना विचारणं ना नाव. गाणं अमेरिकेत पहिल्या दहात गेलं. मग सारेगामा या रेकॉर्ड कंपनीने 50 कोटी डॉलरचा दावा ठोकला, बप्पीदाही कोर्टात गेले, आणि 2003 मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टाने सांगितलं की लाहिरींचं नाव छापल्याशिवाय सीडी विकायची नाही. बाबांचं म्हणणं मात्र वेगळंच होतं. ते म्हणाले, मधे तो जो बोलतो ना, तो दीदीच्या सुरावर पाय देत नाही, बाजूने जातो. बाबांना हिप-हॉपचं हसुद्धा माहीत नाही. पुन्हा ऐका, खरंच जिथे तान संपते तिथल्या फटीत राकिम शिरतो.

पुढचं थोडक्यात. 2009 ला 'द सेव्हन्थ सील', ठीकठाक, बीट्स कमी पडल्या असं माझं मत. एरिक बीशी समेट झाला, 7 जुलै 2017 ला, 'पेड इन फुल'च्या बरोबर तिसाव्या वाढदिवशी, दोघं हार्लेमच्या अपोलो थिएटरवर एकत्र उभे राहिले. 2019 ला आत्मचरित्रवजा पुस्तक, 2024 ला पुन्हा अल्बम. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या अमेरिकेतल्या मानाच्या यादीसाठी या जोडीचं नाव दोनदा पुढे आलं, 2012 च्या आणि 2024 च्या यादीत, दोन्ही वेळा बाहेर. यावर मी बोलायला लागलो तर व्हिडिओ लांबेल आणि शिव्याही येतील, त्यामुळे राहू दे.

कुठून ऐकायचं? 'पेड इन फुल' सगळे सांगतील, मी 'फॉलो द लीडर'पासून सुरू करा म्हणतो. शब्द कळले नाहीत तरी चालेल पहिल्यांदा. बोटाने टेबलावर चार मोजत राहा आणि वाक्य कुठल्या आकड्यावर संपतंय तेवढं बघा. एकदा चारवर, एकदा दोनवर, एकदा पुढच्याच बारच्या एकवर. मग गीत समोर घेऊन दुसऱ्यांदा. आणि ज्यांना माझं विकी-पुण्यात सुधारायचंय, त्यांनी आपापल्या चार ओळी कमेंटमध्ये टाका. अट एकच, वाक्य बारच्या शेवटी संपायला नको. बऱ्या ओळी पुढच्या व्हिडिओत ठेक्यावर वाचून दाखवतो.