बिल कुणाच्या टेबलावर आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

भोसरीच्या एमआयडीसीत दोन मशीनचं वर्कशॉप चालवणारे एक गृहस्थ मध्यंतरी माझ्याकडे आले. मी छोट्या उद्योगांच्या हिशेबाचं काम करते. एका कंपनीकडे त्यांचे 2 लाख 36 हजार चार महिने अडकले होते. आवाज चढलेला. "मॅडम, वकिलाची नोटीसच पाठवू."

म्हटलं, आधी डिलिव्हरी चलन दाखवा. चलन होतं, पण त्यावर सही नव्हती. गेटचा शिक्का होता, तोही अर्धाच उमटलेला. बिलावरचा पीओ नंबर, म्हणजे कंपनीच्या खरेदी-ऑर्डरचा नंबर, एका आकड्याने चुकलेला. म्हणजे माल कंपनीत पोचला, तिथे वापरलाही गेला असेल, पण कागदोपत्री तो आलाच नव्हता. चार महिने हे गृहस्थ खरेदी विभागातल्या साहेबांना फोन करत होते आणि साहेब "बघतो" म्हणत होते. साहेबांचंही खोटं नव्हतं, त्यांच्या हातात बघण्यासारखं काही नव्हतंच.

उधारी थकली की आपण म्हणतो, समोरच्याची नियत फिरली. फिरते कधी कधी, नाही म्हणत नाही. पण मी पाहिलेली बरीचशी बिलं नियत फिरल्यामुळे नाही, तर कुणाच्या तरी टेबलावर अडकलेली असतात. माल आधी गेटवर, मग स्टोअरमध्ये. तिथे त्याची आवक नोंदवली जाते, तिला जीआरएन म्हणतात. मग तपासणी, मग अकाउंट्स. यातली एक पायरी चुकली की बिल तिथेच झोपतं. म्हणून "पैसे कधी देता?" हा प्रश्न मला कच्चा वाटतो. त्याला "पुढच्या आठवड्यात" हे उत्तर तयारच असतं. त्याऐवजी विचारा, जीआरएन झालं का? बिल पास झालं का? आता ते कुणाच्या टेबलावर आहे? पेमेंट कोणत्या वारी निघतं? आणि हा फोन मुदत संपल्यावर नको, माल पोचल्यावर चार दिवसांत करा. तेव्हा तो तगादा वाटत नाही, चौकशी वाटते.

आपल्याकडे भिडस्तपणा फार. मागितले तर पुढची ऑर्डर जाईल, ही भीती. ती खोटी नाही. पण त्या गृहस्थांच्या बिलात 2 लाखांचा माल आणि 36 हजारांचा जीएसटी होता. तो जीएसटी त्यांनी पुढच्याच महिन्यात सरकारला भरून टाकला होता, हाती एक रुपया आलेला नसताना. गिऱ्हाईक थकलं म्हणून सरकार थांबत नाही. थोडक्यात, ते त्या मोठ्या कंपनीला बिनव्याजी कर्ज देत होते आणि स्वतः बँकेच्या कॅश क्रेडिटवर व्याज भरत होते. याच जीएसटीची दुसरी बाजू मात्र आपल्या कामाची आहे. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची वजावट, व्याजासह परत करावं लागतं. अकाउंट्सच्या माणसाला याची सभ्य शब्दांत आठवण करून द्या. चेहरा बदलतो.

आता कायदा. 2006 च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करारातल्या तारखेला द्यायचे, आणि ती तारीख माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी करारच नसेल तर 15 दिवस. "45 दिवस तर सगळ्यांनाच असतात" असं बजावणारे पुष्कळ भेटतात, ते चूक आहे. मालाबद्दल तक्रार असेल तर ती 15 दिवसांत लेखी यायला हवी. चार महिन्यांनी "रिजेक्शन होतं" म्हणून चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. समजा बँक दर 6 टक्के असेल, तर हे 18 टक्के.

त्याहून टोचणारी तरतूद 2023 च्या वित्त कायद्याने आणली. अशा पुरवठादाराची रक्कम मुदत उलटूनही 31 मार्चला थकलेली असेल, तर त्या वर्षी ती खर्चात धरता येत नाही. म्हणजे तेवढ्या रकमेवर खरेदीदारालाच आयकर बसतो. त्यामुळे मार्चमध्ये उलटे फोन येतात, "तुमचं काही बाकी आहे का हो?" काही खरेदीदार मात्र हुशारी करतात आणि या संरक्षणाचा आधार असलेली उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंदणीच, रद्द करा म्हणतात. ऐकू नका. नोंदणी माल देण्याआधीची हवी आणि तिचा नंबर प्रत्येक बिलावर हवा. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना हे संरक्षण नाही, तेही लक्षात असू द्या.

एवढं करूनही पैसे आले नाहीत तर याच कायद्याखाली थकलेल्या बिलांचे वाद सोडवणारी सुविधा परिषद आहे, पुण्यातही आहे. आधी समेटाचा प्रयत्न, मग लवाद. कायद्यात मुदत 90 दिवसांची, पण कॅलेंडरवर खुणा करत बसू नका, वेळ जास्तच लागतो. एक गोष्ट मात्र जोरदार आहे. निकालाला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी 75 टक्के रक्कम कोर्टात भरावी लागते.

चेक परत आला तर वाट वेगळी. बँकेचा मेमो हाती आल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस, आणि मग एका महिन्यात फौजदारी तक्रार. "परत टाका, या वेळी नक्की पास होईल" असं म्हणत कुणी दिवस ढकलले, तर दिवस मोजत राहा.

आणि साध्या उधारीच्या वसुलीसाठी दाव्याची मुदत तीन वर्षांची. म्हणून दर मार्चअखेर खातेउतारा पाठवा आणि बाकी मान्य असल्याची सही-शिक्क्यासह प्रत मागवून घ्या. मुदत संपायच्या आत तशी लेखी कबुली मिळाली की तीन वर्षं नव्याने सुरू होतात. पाडव्याला नव्या वहीची पूजा करण्याआधी जुनी येणी-देणी मिटवायची रीत होती, त्यातलं व्यवहाराचं शहाणपण हेच.

त्या गृहस्थांना नोटीस पाठवावी लागली नाही. आम्ही पीओ नंबर दुरुस्त केला, स्टोअरमधल्या मुलाला भेटलो, त्याने जुन्या रजिस्टरमधून आवक शोधून काढली. तिसऱ्या आठवड्यात पैसे जमा झाले. व्याज मागा म्हटलं, तर नको म्हणाले, ऑर्डर चालू आहे. तो त्यांचा निर्णय.

परवा त्यांचा टेम्पोवाला रात्री उशिरा परतला. स्टोअरचा माणूस जेवायला गेला होता, म्हणून गेटवर पाऊण तास थांबला. चलनावर सही, नाव, तारीख आणि पूर्ण उमटलेला शिक्का घेऊनच निघाला.