ओलं मागे, कोरडं पुढे : सर्फिंगच्या सहलींसाठी घरी बांधलेली व्हॅन

मंडळी, सोलापूरहून मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट उतरून रत्नागिरीचा किनारा गाठायचा म्हणजे अख्खा दिवस जातो. त्यामुळे झोपायची सोय गाडीतच हवी. पण बहुतेक जण आधी गादीची जागा ठरवतात आणि तिथेच चुकतात. समुद्रातून निथळत आल्यावर ओले कपडे, दोऱ्या आणि वाळूने माखलेले बोर्ड कुठे जाणार, हे आधी ठरवा. पलंगाखालची मागच्या दाराजवळची दीड फूट जागा ओल्या सामानाची. तिच्यापुढे सीलंट भरलेली उभी फळी, आणि फळीपलीकडे सगळं कोरडं. ओल्या भागात खाली भोकं असलेले प्लास्टिकचे क्रेट आणि त्यांच्याखाली काठ असलेला ट्रे. खारं पाणी पत्र्यापर्यंत पोचलं की दिसायच्या आधी गंज आतून सुरू होतो.

पलंगाचा सांगाडा सुटा, म्हणजे काढता येईल असा ठेवा. सीट कायमच्या काढायच्या किंवा बॉडीत फेरफार करायचे, तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आधी आरटीओची मंजुरी लागते. म्हणून गाडीतल्या मूळ बोल्टच्या जागाच वापरा. तरीही फरशीला ड्रिल लावायची वेळ आली, तर आधी गाडीखाली जाऊन बघा, कारण तिथे इंधनाची टाकी आणि ब्रेकचे पाइप असतात.

प्लाय १२ मिमीचा, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन घ्या. ८ बाय ४ चा एक शीट साधारण २२ ते २४ किलो भरतो. १८ मिमीचा घेतलात तर वजन दीडपट होतं आणि फायदा काहीच नाही. आता नीट ऐका. प्लाय वरून कमी, कडेने जास्त पाणी पितो. कापलेली प्रत्येक कड आणि स्क्रूचं प्रत्येक भोक इपॉक्सीने (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या राळेने) दोनदा भरा. पूर्ण वाळल्यावर कडेवर नख दाबून पाहा. नख रुतलं तर आणखी एक हात द्या. स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेसच्या घ्या, शक्यतो ३१६ ग्रेडच्या. साधा ३०४ खाऱ्या हवेत कालांतराने तांबूस डाग धरतो.

ड्रॉवरला टेलिस्कोपिक चॅनेल (लोखंडी गोळ्यांवर सरकणारी पट्टी) लावायचा मोह होतो. वाळूचे चार कण गोळ्यांमध्ये अडकले की तो हलत नाही. किनाऱ्यावर जाणाऱ्या गाडीत लाकडी सरकपट्टी आणि तिला चोळलेली मेणबत्ती हेच टिकतं. घाटातल्या वळणावर ड्रॉवर उघडू नये म्हणून कडी मात्र हवीच.

छताला १० ते १२ मिमीचा बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा फोम चिकटवा. स्पंज नको, तो दमट हवेत ओल धरून बसतो. सोलापूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत बोर्ड ठेवू नका. पाय घसरू नये म्हणून बोर्डला चोळलेलं वॅक्स वितळतं, आणि बोर्डच्या फोमवरचा फायबरचा थर सुटतो. छताखाली पट्ट्यांवर बोर्ड टांगताना फिन (बोर्डच्या खालचे पंख) काढून ठेवा. ९ फुटी लाँगबोर्ड लहान व्हॅनमध्ये बसतच नाही, तो टपावर जातो.

पलंगाला सलग फळी नको, ४ ते ५ सेंमी अंतराने पट्ट्या ठोका. वर १० सेंमी फोम आणि त्यावर आपली सोलापुरी चादर. कापसाची गादी मात्र कोकणात एकदा ओलसर झाली की सहज सुकत नाही.

वीज मोजून घ्या. १२ व्होल्टचा फ्रिज सरासरी अर्धा वेळ चालतो असं धरलं, तर ४५ वॉटने दिवसाला ५४० वॉट-तास. १५ वॉटचे दोन पंखे ८ तास म्हणजे २४०. दिवे आणि मोबाइल धरून ८५० च्या आसपास. १०० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी सुमारे १२८० वॉट-तास देते. ती गाडीच्या अल्टरनेटरला (इंजिनवर चालणाऱ्या वीज तयार करणाऱ्या यंत्राला) थेट जोडू नका. भरताना ती फार करंट ओढते आणि अल्टरनेटर तापतो. मध्ये करंट मर्यादेत ठेवणारा २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवा, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच घ्या. फ्रिजला ५ मीटर लांब १ चौरस मिमीची वायर टाकलीत, तर ५ अँपिअरला जवळजवळ ०.९ व्होल्ट पडतो आणि फ्रिज मध्येच बंद होतो. २.५ चौरस मिमीच्या वायरीत हाच फरक ०.४ च्या आत राहतो.

अंघोळीसाठी फवारणीचा १६ लिटरचा बॅटरी पंप उत्तम. बारीक धारेने पाणी पुरवून वापरता येतं. पण तो नवाच घ्या. कधी पिकावरचं औषध भरलेला पंप कितीही धुतला तरी अंगावर वापरायचा नाही.

स्वयंपाक मागच्या दाराखाली, बाहेर. दारं-खिडक्या बंद करून आत शेगडी कधीच पेटवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर पलंगाखालीच साचतो, आणि कोंडलेल्या जागेतला कार्बन मोनॉक्साइड झोपेतच जीव घेतो. रात्री समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवा आणि त्यांना मच्छरदाणीची जाळी लावा.

निघायच्या आदल्या दिवशी पाणी, बोर्ड, माणसं सगळं भरून गाडी वजनकाट्यावर घाला, आणि आकडा आरसी बुकातल्या एकूण वजनाशी ताडून बघा. जास्त भरला तर आधी पाण्याचे कॅन उतरवा. पाणी किनाऱ्याजवळच्या गावातही भरता येतं.