सातचा भोंगा

श्रोतेहो, नमस्कार.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२च्या ऑगस्टपासून तिथं रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. पोरांनी पुस्तक घ्यायचं, थोरांनी एकमेकांशी बोलायचं. आधी काहींनी हे हसण्यावारी नेलं. मग आशाताई, अंगणवाडीताई, निवृत्त गुरुजी दारोदार फिरले, समजावत राहिले.

मला यातलं मोठेपण वेगळ्याच ठिकाणी दिसतं. ‘पोरं बिघडली’ म्हणून गावानं हात झटकले नाहीत. नियम आईच्या मालिकेला लागला, बापाच्या क्रिकेटलाही लागला.

कारण फोन पोरांच्या हातात दिला कुणी? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर आला. कितीतरी घरांत फोन एकच. तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर, आणि पोरांच्या वाट्याला रात्री जेवणं झाल्यावर. रात्री जागून फोन बघायची सवय अशा घरांत गरजेतून लागली. शाळा उघडल्या, सवय राहिली. त्यात २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालेलं. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहतात, जवळ मैदान नाही, क्लासची फी भरून हाती काही उरत नाही. अशा घरात सगळ्यात स्वस्त करमणूक कोणती, हे मी सांगायला नको. या मुलाला नुसतं रागावून काय साधणार?

झोपेचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते. याच वयात झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा तयार होऊ लागतं, म्हणजे रात्री लवकर डोळा न लागणं हा निव्वळ आळस नव्हे. त्यावर डोळ्यांपुढे उजेड, आणि एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा हजर. सकाळी सातची शाळा काही थांबत नाही. राज्य शासनानं २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आत भरवू नका असं सांगितलं, ते बरंच झालं. पण सगळ्यात उशिरा झोपणारी आठवी-नववीची मुलं त्यातून वगळली गेली. झोप तुटली की चिडचिड वाढते, वाचलेलं डोक्यात राहत नाही, मार्क घसरतात. मग घरात बोलणी बसतात, आणि मूल पुन्हा फोनमध्ये तोंड खुपसतं.

तरी फोन बघणाऱ्या प्रत्येक पोराला व्यसनी म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली, पण कसोटी कडक ठेवली: खेळण्यावर ताबा नाही, बाकी सगळं मागे पडलेलं, नुकसान दिसत असून खेळ सुरूच, आणि हे साधारण वर्षभर.

तुमच्या घरात असं काही दिसत असेल, मूल जेवत नसेल, कुणाशी बोलत नसेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, क्रमांक लिहून घ्या. फोन चोवीस तास लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. आईवडिलांनीही करावा, मुलानंच करायला हवा असं नाही.

नमस्कार.