तीन धडे, एक रुग्ण

(फळा. खडूनं लिहिले जाणारे आकडे.)

७२ वर्षांचे एक गृहस्थ. दोन दिवस जुलाब झाले, खूप थकवा आहे, कालपासून लघवी जेमतेम होतेय. रक्तदाब ९६/६०. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं गाळणं मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) ३.१, तीन महिन्यांपूर्वी ते १.१ होतं. पोटॅशियम ६.२, म्हणजे बरंच वाढलेलं. रोजच्या गोळ्या दोन: रक्तदाबाची रॅमिप्रिल आणि लघवी वाढवणारी हायड्रोक्लोरोथायाझाइड (थोडक्यात थायाझाइड).

एवढं लिहून शिक्षिका खडू खाली ठेवतात आणि वर्गाला विचारतात, "अजून काय विचाराल?"

हा फार्माकॉलॉजीचा, म्हणजे औषधशास्त्राचा तास आहे. समोर बसलेल्या मुलामुलींना रॅमिप्रिल चांगलं माहीत आहे. कोरडा खोकला येतो, पोटॅशियम वाढू शकतं, गरोदरपणात द्यायचं नाही, हे सगळं पाठ आहे. थायाझाइडचा धडाही झालाय. तरी वर्ग गप्प आहे, कारण परीक्षेत औषधाचं नाव देऊन त्याचे परिणाम विचारतात. इथे परिणाम समोर पडले आहेत आणि औषध शोधायचं आहे.

हळूहळू प्रश्न येऊ लागतात. ताप होता का? पाणी किती प्यायले? मग एक विद्यार्थिनी विचारते, "दुखण्याबिखण्यावर दुकानातून काही घेतलं का?" आता फळ्यावर पुढची ओळ येते: गुडघ्यासाठी आयब्युप्रोफेन, दहा दिवसांपासून. रुग्णानं ते आपणहून सांगितलं नव्हतं. दुखण्याच्या गोळीला तो औषध मानतच नाही. बरेचसे रुग्ण मानत नाहीत.

(मूत्रपिंडातल्या केशिकागुच्छाची आकृती. दोन बाजूंना दोन रक्तवाहिन्या.)

इथून खरी फार्माकॉलॉजी सुरू होते. मूत्रपिंडात रक्त गाळलं जायचं तर त्या केशिकांच्या गुच्छात पुरेसा दाब हवा. जुलाबांनी आणि थायाझाइडनं शरीरातलं पाणी आणि मीठ कमी केलं, त्यामुळे हा दाब उतरायला लागला. अशा वेळी मूत्रपिंड दोन बाजूंनी स्वतःला सावरतं. आत येणारी वाहिनी प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनामुळे रुंद राहते. बाहेर जाणारी वाहिनी अँजिओटेन्सिन या दुसऱ्या रसायनामुळे आवळली जाते. येणारा नळ मोकळा, जाणारा थोडा बंद, म्हणून मधला दाब टिकतो.

आयब्युप्रोफेननं प्रोस्टाग्लँडिन थांबवलं. रॅमिप्रिलनं अँजिओटेन्सिन तयार होऊ दिलं नाही. सावरायचे दोन्ही मार्ग एकदम बंद झाले.

पुस्तकात रॅमिप्रिल रक्तदाबाच्या धड्यात असतं, थायाझाइड लघवी वाढवणाऱ्या औषधांच्या आणि आयब्युप्रोफेन वेदनाशामकांच्या. तीन धडे, कदाचित तीन वेगळे शिक्षक, मध्ये महिन्यांचं अंतर. पुस्तकाला अशी मांडणी करावीच लागते, त्यात त्याचा दोष नाही. पण ही तिन्ही औषधं एका माणसाच्या पोटात गेली की काय होतं, हे शिकवायला कुठलातरी एक माणूस समोर हवा.

रुग्णाच्या प्रश्नापासून शिकायला सुरुवात करायची, ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेनं १९६९ मध्ये पहिल्याच तुकडीपासून राबवली. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं औषध लिहायला शिकण्यासाठी एक मार्गदर्शिका काढली. तिच्यातला क्रम असा: रुग्णाचा त्रास नेमका काय ते ठरवा, उपचारातून काय साधायचं ते ठरवा, निवडलेलं औषध याच रुग्णाला योग्य आहे का ते तपासा, मग लिहून द्या, रुग्णाला समजावून सांगा आणि पुढे लक्ष ठेवा. औषधाचं नाव या क्रमात बरंच उशिरा येतं.

(विद्यार्थी छोट्या गटांत. कागदावर उपचार लिहिताना.)

परत वर्गात. आता प्रत्येकानं उपचार लिहायचे आहेत, उत्तर कळायच्या आधी. केसवर आधारलेल्या शिकवण्यातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे, आणि वेळ अपुरा पडला की नेमका हाच गळतो. शिक्षक स्वतःच उत्तर सांगून मोकळे होतात. मग ती केस उरते व्याख्यानाच्या शेवटी जोडलेली एक गोष्ट. मुलं ती आवडीनं ऐकतात, पण ठरवत काहीच नाहीत.

इथे मात्र ठरवावं लागतंय. तिन्ही औषधं थांबवायची, सलाईन लावायचं, ईसीजी काढायचा, यावर एकमत होतं. ईसीजीत टी-लाटा (प्रत्येक ठोक्यातला शेवटचा उंचवटा) उंच आणि टोकदार दिसतात, ही वाढलेल्या पोटॅशियमची खूण. एक गट कॅल्शियम ग्लुकोनेट लिहितो आणि पुढे नोंद करतो: पोटॅशियम उतरेल. शिक्षिका त्या ओळीवर थांबतात. कॅल्शियम हृदयाच्या पेशींना सांभाळतं, रक्तातलं पोटॅशियम आहे तेवढंच राहतं. ते पेशींच्या आत ढकलायला इन्सुलिन लागतं, आणि साखर घसरू नये म्हणून सोबत ग्लुकोज. ही चूक कागदावर उतरली नसती, तर ती आहे हे कुणालाच कळलं नसतं, लिहिणाऱ्यांनाही नाही.

व्याख्यानं बंद करा, असं कुणी म्हणत नाही. अँजिओटेन्सिन म्हणजे काय हेच माहीत नसेल, तर ही केस नुसता अंदाजांचा खेळ होईल. अगदी नवख्यांना आधी एखादी सोडवून दाखवलेली केसच द्यावी. आणि केस दुर्मिळ आजाराची नको. विद्यार्थ्यांना चकवण्यात शिक्षकाचं कौतुक होईल, पण पुढे आयुष्यभर त्यांच्यासमोर येणार आहेत ते रक्तदाबाचे, मधुमेहाचे, गुडघेदुखीचे रुग्ण, एकेकाकडे पाच-सहा गोळ्या असलेले.

(फळ्यावर नवी ओळ.)

दोन आठवड्यांनंतर. क्रिएटिनिन १.२, पोटॅशियम ४.४, रक्तदाब १६४/९६. गुडघा अजून दुखतोय.

आता वर्गात मतभेद आहेत. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल किंवा वरून लावायचं जेल, इथवर सगळे येतात. रॅमिप्रिलवर मात्र जोरात वाद चालू आहे. एका गटाला ते पुन्हा नकोच आहे. दुसरा गट म्हणतो, कमी डोसपासून सुरू करू आणि एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासू. क्रिएटिनिन तीस टक्क्यांपर्यंत वाढलं तर चालेल, त्यापुढे गेलं तर कारण शोधू. पुन्हा जुलाब-उलट्या लागल्या तर काय करायचं, हे रुग्णाला आजच कोणत्या शब्दांत सांगायचं, तेही त्यांनी कागदावर लिहिलंय. शिक्षिका तो कागद पहिल्या गटाच्या हातात देतात आणि त्यांना उत्तर द्यायला सांगतात.