विश्वस्तांची झाडाझडती, सर्वांसमोर

[दृश्य: सॅन फ्रान्सिस्को, ओशन ॲव्हेन्यू. कॉलेजची मुख्य इमारत, पायऱ्या उतरणारे विद्यार्थी.]

निवेदन:

२०१२ च्या जुलैमध्ये सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोला कारणे दाखवा नोटीस आली. तुमची मान्यता का काढून घेऊ नये, ते सांगा.

नोटीस पाठवणारा आयोग कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांना मान्यता देतो. नॅकची समिती येणार म्हटल्यावर आपल्या कॉलेजांत जी धावपळ उडते, ती तुम्ही पाहिली असेल. इथे मात्र प्रश्न वरच्या-खालच्या श्रेणीचा नव्हता. मान्यता गेली की विद्यार्थ्यांना मिळणारी केंद्र सरकारची आर्थिक मदत थांबते, राज्याचं अनुदान थांबतं, आणि कॉलेजला कुलूप लागतं. इथे ऐंशी हजारांहून अधिक लोक शिकत होते. बारावीनंतर विद्यापीठात जाण्याआधी दोन वर्षं स्वस्तात शिकणारी मुलं होती. नर्सिंगचं, स्वयंपाकाचं, विमानदुरुस्तीचं शिक्षण घेणारे होते. नुकतेच देशात आलेले, इंग्रजीचे पहिले धडे गिरवणारे प्रौढही होते.

आयोगाने चौदा सूचना केल्या. वर्गातल्या शिकवण्यापेक्षा रोख कारभारावर होता. तिजोरीत राखीव रक्कम फार थोडी, प्रशासक अपुरे आणि त्यातले बरेच तात्पुरते, निर्णय कोण घेतो याचा पत्ता नाही. चौदावी सूचना थेट विश्वस्त मंडळाला उद्देशून होती. स्वतःच्याच नियमांप्रमाणे वागा, सदस्यांच्या प्रशिक्षणाची योजना करा, आणि आपल्या धोरणांचा व कामाचा नियमित आढावा घ्या.

ही सूचना यादीत शेवटी होती. माझ्या मते ती पहिली असायला हवी होती.

[दृश्य: बैठकीचं सभागृह. अर्धगोल टेबल, नावांच्या पाट्या, मायक्रोफोन.]

हे मंडळ म्हणजे काय, ते आधी पाहू. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत, ७३ जिल्ह्यांत विभागलेली. हे जिल्हे महसुली नाहीत, खास कॉलेजांसाठी आखलेले आहेत. लॉस एंजेलिसच्या एका जिल्ह्यात नऊ कॉलेजं येतात, तर सॅन फ्रान्सिस्कोत अख्ख्या शहराला एकच. स्थानिक विश्वस्तांना मतदार चार वर्षांसाठी निवडून देतात. सॅन फ्रान्सिस्कोत असे सात, आणि त्यांच्या जोडीला विद्यार्थ्यांनी निवडलेला एक प्रतिनिधी.

मंडळाने धोरण ठरवायचं, अर्थसंकल्प मंजूर करायचा आणि चॅन्सेलर, म्हणजे कारभाराचा पगारी प्रमुख, नेमायचा. बाकीच्या कर्मचाऱ्यांकडून काम करून घेणं ही चॅन्सेलरची जबाबदारी. कागदावर हे सरळ दिसतं. प्रत्यक्षात निवडून आलेल्या माणसाकडे लोक गाऱ्हाणी घेऊन येतात. अमुक वर्ग बंद का केला, तमुक प्राध्यापकाला मुदतवाढ का नाही? विश्वस्त फोन उचलतो आणि थेट विभागप्रमुखाशी बोलतो. हेतू चांगलाच असतो. पण असे फोन वाढले की खालच्या माणसाला कळेनासं होतं, आपला साहेब नक्की कोण.

२००८ च्या मंदीनंतर राज्याने कॉलेजांच्या अनुदानाला मोठी कात्री लावली. सॅन फ्रान्सिस्कोच्या मंडळाने नोकरकपात टाळण्यासाठी आणि वर्ग चालू ठेवण्यासाठी धडपड केली. मला त्या माणसांबद्दल आदर वाटतो. शहरातल्या सर्वांत गरीब माणसासमोर कॉलेजचं दार बंद करायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण दरवर्षी थोडी थोडी राखीव रक्कम वापरत गेलं की एक दिवस ती संपते, आणि तो दिवस कधी येणार हे विचारणं मंडळाचंच काम असतं. आयोगाने २००६ च्या भेटीतही काही बाबींवर बोट ठेवलं होतं. सहा वर्षांनी त्यातल्या बऱ्याच बाबी तशाच निघाल्या. वर्षातून एकदा जरी या मंडळाने बसून ‘आपल्याला सांगितलेलं आपण केलं का’ एवढं तपासलं असतं, तर नोटिशीतले मुद्दे तिथेच टेबलावर आले असते.

[दृश्य: जुनी वृत्तछायाचित्रं. फलक घेतलेले विद्यार्थी, सिटी हॉलच्या पायऱ्या.]

नोव्हेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी कॉलेज वाचवण्यासाठी स्वतःवर कर लावून घेतला. प्रत्येक मालमत्तेमागे वर्षाला ७९ डॉलर. अशा कराला दोन तृतीयांश मतं लागतात, आणि मिळाली त्याहूनही जास्त.

पुढच्या जुलैत आयोगाने निर्णय जाहीर केला: ३१ जुलै २०१४ पासून मान्यता रद्द. काही दिवसांतच राज्याने निवडून आलेल्या मंडळाचे अधिकार काढून घेतले आणि सगळी सूत्रं रॉबर्ट ॲग्रेला या एका विशेष विश्वस्ताकडे दिली. लोकांनी आठ महिन्यांपूर्वी कर मंजूर केला होता. आता तो पैसा कसा खर्च होतो हे ज्यांना विचारायचं, त्या सात जणांना मतच उरलं नव्हतं. कॉलेजच्या या साऱ्या हकिगतीत मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच. मंडळाने स्वतःची तपासणी टाळली, त्याची किंमत मतदाराने चुकवली.

पण आयोगाची बाजूही स्वच्छ नव्हती, आणि ते सांगितलंच पाहिजे. ऑगस्ट २०१३ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्यानेच आयोगाच्या कामात दोष दाखवले. तपासणी पथकात प्राध्यापक पुरेसे नव्हते, आणि हितसंबंध गुंतलेल्या व्यक्तीची नेमणूक टाळण्याची काळजी घेतली गेली नव्हती. शहराचे वकील डेनिस हेरेरा यांनी आयोगावर दावा लावला. जानेवारी २०१४ मध्ये न्यायाधीश कर्टिस कार्नो यांनी मान्यता रद्द करण्याला तात्पुरती मनाई केली. २०१५ च्या निकालात त्यांनी म्हटलं की आयोगाने कायदा मोडला होता. काही आक्षेपांवर उत्तर देण्याची संधीच कॉलेजला मिळाली नव्हती. दुसऱ्याचं मूल्यमापन करणाऱ्यालाही स्वतःच्या नियमांतून सूट नसते, हे त्या कोर्टात नोंदलं गेलं.

कॉलेज वाचलं. मंडळाचे अधिकार टप्प्याटप्प्याने परत आले. जानेवारी २०१७ मध्ये पुढच्या सात वर्षांसाठी मान्यता मिळाली. मधल्या काळात हजारो विद्यार्थी मात्र निघून गेले होते. बंद पडणार म्हणून ज्याचं नाव रोज बातम्यांत येतं, त्या कॉलेजात कोण नाव घालणार?

लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनला तेवढंही नशीब लाभलं नाही. तिथल्या कॉलेजची मान्यता २००६ मध्ये खरोखरच गेली. शेजारच्या एल कॅमिनो कॉलेजच्या आधाराने वर्ग चालू राहिले, आणि स्वतःच्या नावाची मान्यता परत मिळायला २०१७ उजाडलं.

[दृश्य: टेबलावर एक छापील तक्ता. पेन धरलेला हात एका ओळीवर थबकतो.]

आता हा तक्ता बघा. बहुतेक जिल्ह्यांत विश्वस्तांना दरवर्षी असा काहीतरी भरावा लागतो. शब्द ठिकठिकाणी वेगळे असतात, मतलब एकच. डावीकडे विधानं, उजवीकडे एक ते पाच आकडे. सदस्य विषयपत्रिका वाचून बैठकीला येतात. मंडळ रोजच्या कारभारात हात घालत नाही. ठराव मंजूर झाल्यावर, विरोधात मत दिलेला सदस्यही तो मंडळाचा म्हणून मान्य करतो. विद्यार्थ्यांच्या यशाचे आकडे मंडळ नियमितपणे पाहतं. प्रत्येकाने हे एकट्याने भरायचं. मग सगळ्यांची उत्तरं एकत्र करून बैठकीपुढे ठेवतात.

ही बैठक उघडी असते. कॅलिफोर्नियाचा ब्राउन कायदा १९५३ चा आहे. लोकांनी निवडलेल्या मंडळाने लोकांसमोर बसून काम करावं, नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी, हा त्याचा गाभा. चॅन्सेलरच्या कामाचं मूल्यमापन बंद दाराआड करता येतं, कारण तो नोकर आहे. विश्वस्त नोकर नाहीत, म्हणून त्यांना स्वतःबद्दलची चर्चा बंद खोलीत नेता येत नाही. या सगळ्या व्यवस्थेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद हीच. मान्यता देणाऱ्या आयोगाच्या निकषांतही असंच आहे: मूल्यमापन करा, आणि निष्कर्ष जाहीर करा.

लोकांसमोर बसलं की माणूस स्वतःला गुण देताना हात सैल सोडतो, हेही खरं. सगळ्या रकान्यांत चार आणि पाच दिसू लागतात. त्यामुळे सरासरी पाहून फारसं काही हाती लागत नाही. सात जणांपैकी पाच जणांनी जिथे पाच दिले आणि दोघांनी दोन, ती ओळ शोधायची. ‘सगळ्या सदस्यांना माहिती एकाच वेळी मिळते’ या विधानापुढे असे आकडे पडले असतील, तर त्या दोघांना काहीतरी उशिरा कळत असणार. अध्यक्षाने तिथेच थांबून ‘काय झालं होतं, सांगा’ म्हटलं, तर संध्याकाळ सार्थकी लागते. तसं न करता ‘एकूण समाधानकारक’ म्हणून पुढचा विषय घेतला, तर तक्ता फाईलमध्ये जातो.

काही मंडळं याच्या पुढे जातात आणि प्राध्यापकांच्या सिनेटला, कर्मचाऱ्यांना, विद्यार्थ्यांनाही विचारतात: आमचं काम तुम्हाला कसं दिसतं? स्वतःला चार गुण दिलेल्या ठिकाणी कर्मचारी अडीच देतात, तेव्हा वाईट वाटतंच. पण प्राध्यापक ज्या मंडळाला घाबरून खोटं बोलत नाहीत, त्या मंडळाला दिवाळखोरीची पहिली बातमी वर्तमानपत्रातून कळण्याची वेळ येत नाही.

आणि शेवटचा टप्पा, जो सर्वाधिक राहून जातो: या चर्चेतून पुढच्या वर्षाची मंडळाची उद्दिष्टं लिहायची. कॉलेजची नव्हेत, मंडळाची. ‘राखीव निधीचा आढावा दर तिमाहीत घेऊ.’ ‘नव्या सदस्याला अर्थसंकल्प वाचायला शिकवू.’ पुढच्या वर्षीचा तक्ता भरताना आधी ही यादी वाचायची.

[दृश्य: क्युपर्टिनो. डी ॲन्झा कॉलेजचं आवार, संध्याकाळच्या वर्गाकडे जाणारे विद्यार्थी.]

सिलिकॉन व्हॅलीतल्या सनीव्हेल, क्युपर्टिनोच्या मराठी घरांना हे कॉलेज परकं नाही. शाळेत असतानाच इथे कॅल्क्युलसचा वर्ग करणारी मुलं आहेत. नव्याने करिअर सुरू करायचं म्हणून अकाउंटिंग शिकणाऱ्या आया आहेत. राज्यातल्या रहिवाशांना फी आहे युनिटमागे, म्हणजे एका श्रेयांकामागे, ४६ डॉलर. मार्च २०२० मध्ये फुटहिल-डी ॲन्झा जिल्ह्याच्या मतदारांनी ८९ कोटी ८० लाख डॉलरचे रोखे मंजूर केले. त्यांची परतफेड घरपट्टीतून होते. म्हणजे तुमचं घर तिथे असेल, तर तुम्हीही ती फेडता आहात.

तिथल्या मंडळावर पाच निवडून आलेले विश्वस्त आहेत, आणि दोन्ही कॉलेजांचा एकेक विद्यार्थी प्रतिनिधी. अनेक जिल्ह्यांच्या धोरण-पुस्तिकेत मंडळाच्या स्वयं-मूल्यमापनाचं कलम २७४५ या क्रमांकाखाली सापडतं. विषयपत्रिकेवर ‘बोर्ड सेल्फ-इव्हॅल्युएशन’ दिसलं की जरूर जा. बोलण्यासाठी चिठ्ठी द्या. मोजकीच मिनिटं मिळतात. त्यात विचारा की गेल्या वर्षी मंडळाने स्वतःसाठी कोणती उद्दिष्टं लिहिली होती, आणि त्यातली कोणती राहिली. मत देण्यासाठी नागरिकत्व लागतं, हा प्रश्न विचारायला लागत नाही.